दोन दूरच्या शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ: हिशेब स्वतः कसा करायचा

लंडन ते टोकियो अंतर शोधलं की ९,५९० किलोमीटरच्या आसपासचा आकडा मिळतो. अंतर सांगणारी बरीचशी साधनं त्याला ताशी ९०० ने भागतात आणि 'विमानप्रवास सुमारे १० तास ४० मिनिटं' असं ठोकून देतात. तिकीट बघायला गेलं तर तिथे साधारण १४ तास लिहिलेले असतात. आकडा कुणाचाच खोटा नसतो. पहिला आकडा भूमितीचा आहे. दुसऱ्यात वारा, राजकारण, धावपट्टीपुढची रांग आणि विमान कंपनीची सावधगिरी हे सगळं मिसळलेलं आहे. म्हणून अंतर आणि वेळ ही दोन वेगळी गणितं समजून एकापाठोपाठ एक करावीत. खाली ती ज्या क्रमाने मी करतो त्याच क्रमाने दिली आहेत. लंडन-टोकियोचं उदाहरण बरंच पुढपर्यंत सोबत राहील, कारण या जोडीत जवळजवळ सगळ्याच भानगडी आहेत.

पायरी १: शहर नको, विमानतळ पकडा

'लंडन' हा मोजायला योग्य बिंदू नाही. लंडनच्या नावावर सहा विमानतळ चालतात. टोकियोचा हानेडा शहराला लागून आहे, तर नारिता मध्यवस्तीपासून ६० किलोमीटरच्या घरात. हजारो किलोमीटरच्या उड्डाणात एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. उतरल्यावर मात्र तेच ६० किलोमीटर तासभर खातात.

खरा घोटाळा नावांमुळे होतो. ऑस्ट्रेलियात सिडनी आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि चुकीच्या सिडनीत जाऊन उतरलेल्या प्रवाशांच्या बातम्या एकदा सोडून अनेकदा छापून आल्या आहेत. सॅन होजे कोस्टा रिकात आहे, कॅलिफोर्नियातही आहे. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे, अलाबामातही आहे. म्हणून शोधताना विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकावा. तो जगात एकाच विमानतळाला दिलेला असतो. लंडनचा हिथ्रो म्हणजे एलएचआर आणि टोकियोचा हानेडा म्हणजे एचएनडी.

पायरी २: अंतर मोजा, पण सपाट नकाशावर नको

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून लंडन-टोकियो जोडलं तर रेघ युरोप आणि मध्य आशियावरून जाते. जवळचा रस्ता तो नव्हे. असे बरेच नकाशे मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली काढलेल्या पद्धतीचे असतात. जहाजाला एकच दिशा धरून जाता यावं म्हणून ती पद्धत निघाली. तीत ध्रुवांकडचा भाग भलताच ताणला जातो.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक लंडनवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं टोक टोकियोवर ठेवा आणि दोरा हळूहळू ताणत जा. ढिला असताना तो मध्य आशियात रेंगाळतो. ताण बसला की आपोआप वर सरकतो, स्कँडिनेव्हिया ओलांडतो, रशियाच्या उत्तर किनाऱ्याला चिकटतो आणि जवळपास ७१ अंश उत्तरेपर्यंत चढून मग टोकियोकडे उतरतो. ताणलेला दोरा दाखवतो त्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावर दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा मार्ग हाच.

दोऱ्यावरून किलोमीटरही काढता येतात. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर होतो आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. लंडन-टोकियो दोरा साडेबावीस सेंटिमीटर भरतो. गुणाकार करा, आकडा साडेनऊ हजारांच्या पुढे येतो. दोन आण्याच्या दोऱ्याकडून याहून जास्त काय हवं?

नेमका आकडा हवा असेल तर सूत्र आहे आणि ते शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडचं नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा. अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या कोसाइनने गुणायचं. दोन्हींची बेरीज करून उलटा कोसाइन घेतला की अंशांमध्ये कोन मिळतो. एक अंश म्हणजे १११.१९ किलोमीटर.

हिथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. हानेडा: ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व.

साइनचा गुणाकार: ०.७८२३ × ०.५८१४ = ०.४५४८
कोसाइनचा गुणाकार: ०.६२२९ × ०.८१३६ = ०.५०६८
रेखांशांचा फरक १४०.२३ अंश, त्याचा कोसाइन उणे ०.७६८६
बेरीज: ०.४५४८ − ०.३८९५ = ०.०६५३
कोन: ८६.२६ अंश, म्हणजे जवळपास ९,५९० किलोमीटर

इथे दोन ठिकाणी हमखास चुकतं. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला तर उत्तर अर्थहीन येतं, पण ते लगेच लक्षात येतं. दुसरी चूक छुपी आहे. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे असतात. सिडनी १५१.१८ पूर्वेला आणि चिलीची राजधानी सँटियागो ७०.७९ पश्चिमेला. उणे चिन्ह विसरलात तर अंतर सव्वासात हजार किलोमीटर येतं, आणि तो आकडा दिसायला अगदी खरा वाटतो. खरं अंतर ११,३४० आहे.

ही सिडनी-सँटियागो जोडी जाता जाता बघण्यासारखी आहे. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर, ३३-३४ अंश दक्षिणेला. नकाशा म्हणतो, पॅसिफिकवरून सरळ पूर्वेला जा. तसं गेलात तर सुमारे १२,८०० किलोमीटर पडतील. बृहद्वृत्त मात्र खाली ६० अंश दक्षिणेच्याही पलीकडे, अंटार्क्टिकाच्या बाजूला झुकतं आणि जवळपास साडेचौदाशे किलोमीटर वाचवतं.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. त्यामुळे या सूत्राच्या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. प्रवासासाठी तो सोडून द्या. सूत्राचा कंटाळा असेल तर गुगल अर्थवरची मोजपट्टी किंवा ग्रेट सर्कल मॅपर ही वेबसाइट हेच काम करते. फक्त एकक तपासा. लंडन-टोकियो अंतर साध्या मैलांत ५,९६० आणि सागरी मैलांत ५,१८० भरतं. वैमानिकांच्या जगात सागरी मैल चालतो (१.८५२ किलोमीटर), आणि नुसतं 'मैल' लिहिलं असेल तर कोणता ते विचारावंच लागतं.

आणखी एक आकडा डोक्यात ठेवावा. पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये २०,००० किलोमीटरपेक्षा फारसं जास्त अंतर असूच शकत नाही, कारण तो अर्धा घेर झाला. माद्रिद आणि वेलिंग्टन या मर्यादेच्या अगदी जवळ आहेत, सुमारे १९,८५० किलोमीटर. तुमचं उत्तर २१,००० आलं असेल तर ते थांब्यांसकट धरलेलं आहे किंवा चुकलेलं आहे.

पायरी ३: विमान खरंच त्या वाटेने जातं का

बहुतेकदा थोडं वाकडं जातं. कधी कधी पार वेगळ्याच वाटेने.

शीतयुद्धात सोव्हिएत संघाचं आकाश पाश्चात्त्य विमानांना जवळपास बंद होतं. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाकडून अलास्कातल्या अँकरेजला आणि तिथून टोकियोला जाणारी सेवा सुरू केली, आणि पुढची कित्येक वर्षं युरोप-जपान प्रवासात अँकरेजचा थांबा ठरलेला होता. पुढे सायबेरियाचं आकाश खुलं झालं आणि लंडन-टोकियो साधारण बारा तासांवर आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झाली. जपानी कंपन्याही ती टाळू लागल्या. त्यामुळे विमानं मध्य आशियाकडून किंवा अलास्का-ग्रीनलंडकडून वळसा घेऊ लागली आणि सरळ अंतर तेच असताना वेळ दोनेक तासांनी वाढला. फिनलंडच्या हेलसिंकीचं आणखी वाईट झालं. आशियाला जवळचा रस्ता हीच त्या शहराची पुण्याई होती, आणि टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांचा झाला. चिनी कंपन्या मात्र नंतरही रशियावरून उडत राहिल्या. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये कंपनी बदलली की वेळ बदलतो. हे कुठल्याही अंतर-कोष्टकात सापडत नाही.

बाकी कारणं छोटी आहेत. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात पोहोचता येईल असा विमानतळ कायम टप्प्यात ठेवावा लागतो. नव्या विमानांना ही मुभा पाच-सहा तासांपर्यंत मिळते, म्हणून हा अडसर आता फक्त दक्षिणेकडच्या रिकाम्या समुद्रांवर जाणवतो. उत्तर अटलांटिकवर कॅनडातलं गँडर आणि पलीकडचं शॅनविक ही नियंत्रण केंद्रं रोजच्या वाऱ्याप्रमाणे मार्ग आखून देतात. आजचा मार्ग उद्या नसतो.

वाकडेपणा किती धरायचा? एक जाहीर नमुना सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने लंडन ते सिडनी मधे न थांबता चाचणी उड्डाण केलं. बृहद्वृत्ताने अंतर १७,०२० किलोमीटर, विमान प्रत्यक्षात उडालं सुमारे १७,८००, वेळ १९ तास १९ मिनिटं. म्हणजे साडेचार टक्के जादा. मी सर्वसाधारण मार्गाला ३ ते ५ टक्के धरतो. बंद हवाई हद्द मधे येत असेल तर टक्केवारी सोडून देतो आणि सरळ वेळापत्रक बघतो.

पायरी ४: वेग आणि वारा

लांब पल्ल्याची बोइंग ७८७, ७७७ किंवा एअरबस ए३५० साधारणपणे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांनी उडतात. त्या उंचीवर, उणे ५४ अंशांच्या थंडीत, ध्वनीचा वेग ताशी १,०६५ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० च्या थोडा वर. ए३२० किंवा ७३७ यांचा ८३० धरा.

हा वेग हवेतला आहे, आणि हवा स्वतः वाहत असते. मध्यम अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात तो जोरात असतो. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. पण निष्कर्ष छापले एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत, जगाने वाचावेत म्हणून! वाचले फारच थोड्यांनी.

न्यूयॉर्क ते लंडन ५,५४० किलोमीटर. पूर्वेकडे जाताना साडेसहा-सात तास लागतात, परतताना साडेसात-आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं. सरासरी काढली तर ताशी १,१२० किलोमीटर येते, ध्वनीपेक्षा जास्त. विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. आजूबाजूची हवाच त्याला घेऊन पळत होती.

'पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जायला कमी वेळ लागायला हवा' हा प्रश्न दर वेळी कुणीतरी काढतंच. हवा पृथ्वीसोबत फिरते आणि विमान त्या हवेत असतं. विषय संपला.

जाताना वाऱ्याने दिलेला वेळ येताना फिटतो, असंही नाही. तेच ५,५४० किलोमीटर ताशी ९०० ने दोन्हीकडून केले तर १२ तास १९ मिनिटं. ताशी १५० चा वारा घाला: जाताना १,०५० ने ५ तास १७ मिनिटं, येताना ७५० ने ७ तास २३ मिनिटं. बेरीज १२ तास ४० मिनिटं. वारा फेरीमागे वीसेक मिनिटं खातोच, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

हिशेबासाठी: पूर्वेकडे जाताना ताशी ९५० ते १,०००, पश्चिमेकडे ८०० ते ८५०, उत्तर-दक्षिण ९००. विषुववृत्ताजवळच्या मार्गांवर वाऱ्याचा एवढा विचार नको.

पायरी ५: जमिनीवरची मिनिटं

तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान फाटकापासून मागे सरकतं तिथपासून दुसऱ्या फाटकाला लागेपर्यंतचा तो वेळ. धावपट्टीपर्यंत सरकण्यात पंधरा-वीस मिनिटं, गर्दीच्या विमानतळावर त्याहून जास्त. उतरल्यावर पाच-दहा. वर चढायला वीसेक मिनिटं लागतात. उतरणं जवळपास २०० किलोमीटर आधी सुरू होतं, आणि या दोन्ही टप्प्यांत वेग कमी असतो. म्हणून अंतर भागिले वेग करून आलेल्या उत्तरात अर्धा तास चढ-उतारासाठी आणि अर्धा तास जमिनीवरचा घालावा.

न्यूयॉर्कहून लंडन असं करून पाहू. ५,५४० मध्ये ४ टक्के मिळवले, ५,७६०. ताशी १,००० ने ५ तास ४५ मिनिटं. वर एक तास, म्हणजे पावणेसात. वेळापत्रकात सात-सव्वासात दिसलं तर दचकू नका. उशीर झाला तरी 'वेळेवर पोहोचलो' म्हणता यावं म्हणून कंपन्या थोडी जादा मिनिटं कोंबून ठेवतात. खरी मिनिटं हवी असतील तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर त्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या काही दिवसांत ते कधी उडालं, कधी टेकलं ते बघा. मला यापेक्षा भरवशाचा मार्ग माहीत नाही. फक्त हिवाळ्याच्या प्रवासासाठी उन्हाळ्यातली नोंद धरू नका.

पायरी ६: मधे थांबा असेल तर

थांब्याने किलोमीटर किती वाढतात, हे थांबा वाटेवर आहे की आडवाटेला यावर ठरतं. लंडन-सिडनी सरळ १७,०२०. सिंगापूरमार्गे सुमारे १७,१८०, म्हणजे नुसतं नाक वळवल्यासारखं. दुबईमार्गे साडेसतरा हजार. लॉस एंजेलिसमार्गे मात्र २०,८०० च्या पुढे. हे पाहायला पुन्हा दोराच काढा: लंडन आणि सिडनीमधे ताणलेल्या दोऱ्यापासून थांब्याचं शहर किती लांब पडतं ते डोळ्यांना दिसतं.

प्रत्येक थांब्यामागे चढ-उतार आणि जमिनीवरचा मिळून तासभर जास्तीचा जातोच. वर विमान बदलण्याची वाट बघणं. तासा-सव्वा तासाचं अंतर कागदावर चालतं, पण पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की त्यातलं काही उरत नाही. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर दोन तास, वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर चारपेक्षा कमी मी ठेवत नाही.

पायरी ७: घड्याळ आणि तारीख

पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करून प्रवासाचा वेळ काढू नका. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. आधी दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर प्रमाण धरलेल्या एकाच वेळेत आणा, मग वजाबाकी करा.

न्यूयॉर्क-सिंगापूर हे थेट उड्डाण १५,३०० किलोमीटरच्या वर आणि सुमारे १८ तास ४० मिनिटांचं. समजा, हिवाळ्यात सोमवारी रात्री साडेदहाला निघालात. न्यूयॉर्क यूटीसीच्या पाच तास मागे, म्हणजे यूटीसीत मंगळवार पहाटेचे साडेतीन. त्यात १८ तास ४० मिनिटं मिळवा: मंगळवार रात्रीचे १० वाजून १० मिनिटं. सिंगापूर आठ तास पुढे. म्हणजे बुधवार सकाळचे ६ वाजून १० मिनिटं. अख्खा मंगळवार विमानात गेला.

उन्हाळी वेळेकडे लक्ष असू द्या. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क-लंडन फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. टोकियो आणि सिंगापूर घड्याळ हलवतच नाहीत, सिडनी उलट्या ऋतूत हलवतं. नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे, तेव्हा फरक पूर्ण तासांतच असेल असंही धरू नका.

पॅसिफिक ओलांडताना वाररेषा लागते, म्हणजे जिच्या दोन बाजूंना तारीख एका दिवसाने वेगळी असते ती रेषा. ऑकलंडहून रविवारी रात्री आठला निघून बारा तास उडालात तर दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच रविवारी सकाळी अकराला उतरता. सामोआ आणि अमेरिकन सामोआ यांच्यात तर याचा कळस आहे. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवसच गाळला आणि वाररेषेच्या पलीकडे उडी घेतली. आता सामोआतल्या अपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला मंगळवारी दुपारी दोनला निघालेलं छोटं विमान पाऊण तासाच्या आत पोहोचतं, सोमवारी.

तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक एक किंवा अधिक दोन छापलेलं असतं. तो आकडा तारखेत मिळवायचा असतो. एकदा मी तो पाहिलाच नाही. हॉटेलची खोली मंगळवार रात्रीची घेतली आणि बुधवारी सकाळी सात वाजता सामान घेऊन दारात उभा राहिलो. स्वागतकक्षातल्या माणसाने नोंदवहीवर बोट ठेवून शांतपणे दाखवलं, 'न आल्यामुळे रद्द'. तेव्हापासून तिकीट हातात आलं की पहिल्यांदा उतरण्याची तारीख वारासकट लिहून काढतो. पहाटे पोहोचणार असेन तर आदल्या रात्रीपासूनची खोली घेतो आणि सकाळी किती वाजता येणार ते त्यांना आधीच कळवून ठेवतो.